टक वाजलं म्हणजे लागला

मी बोलतेय, राजुरीतल्या एका घराच्या पडवीतून. दोन लेकरांना शेजारी शेजारी बसवायची बाबागाडी असते ना, ती मी. इथं मला जोडगाडी म्हणतात. बोलावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. जिच्याकडून चूक झाली तिनं तोंड उघडावं का? शिवाय चूक माझी की मला बनवणाऱ्याची, हेही मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. पण मी बोलू शकले नाही म्हणून काय होणार होतं, ते मी पाहिलं आहे.

मी जन्मले एका कारखान्यात. कुठल्या, ते आठवत नाही. दिवे पुष्कळ होते आणि घाई त्याहून जास्त. मागच्या चाकांच्या मधोमध ब्रेकची पट्टी बसवली. ती पायानं दाबली की दोन्ही चाकांत एकेक खिळा जाऊन बसावा, अशी रचना. माझा डावीकडचा खिळा आखूड निघाला. तो चाकापर्यंत पोचतच नाही. उजवीकडचा पोचतो, पण जेमतेम टोकानं. पट्टी दाबल्यावर आवाज मात्र खणखणीत येतो : टक. तपासणाऱ्यानं तो आवाज ऐकला आणि मला खोक्यात भरलं. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

नारायणगावच्या एका दुकानात खोकं उघडलं. तिथं मला हर्षाली भेटली. तिला सातवा महिना होता. बरोबर नवरा गोरख, सासू ठकूबाई आणि अडीच वर्षांचा स्वराज. तिच्या हातात गाठी मारलेली सुतळी होती.

“म्हैस न्यायला आलोय का आपण?” गोरख म्हणाला.

“दाराचं माप आहे. ही गाठ ते ही गाठ. गाडी दारातून आत आली न्हाई तर लेकरं काय अंगणात ठेवायची?”

दुकानदार सुभाषशेठनं आधी दुसरीच गाडी पुढं केली, एकामागं एक बसायची. “अरुंद आहे ताई, कुठनं पन जाती.”

“पुढं स्वराज बसला की सगळा भार पुढं. आणि बाळ मागं, त्याच्या पायाशी. नको.” मग ती माझ्याकडं वळली. सुतळी लावली, मी दोन बोटं राखून बसत होते. डावीकडची बैठक तिनं पूर्ण सपाट केली, तळवा दाबून पाहिला. “तान्ह्याला सपाट झोपता आलं पायजे. टेकवून बसवलं की मान पडती.” पट्टे मोजले : खांद्याचे दोन, कमरेचे दोन, मांड्यांमधला एक.

ठकूबाईंना हे सगळं बघवेना. “आमी चार पोरं टोपल्यात वाढवली. टोपल्याला व्हते का पट्टे?”

“टोपल्याला चाकं नव्हती, आत्या.”

सुभाषशेठ जोरात हसला. ठकूबाई हसल्या नाहीत.

शेवटी हर्षालीनं ब्रेक दाबला. टक. तिनं मला ढकललं. मी हलले नाही. गुळगुळीत सपाट फरशी, रिकामी गाडी. उजव्या खिळ्याचं टोक तेवढ्याला पुरलं. “आवाज आला ना ताई? टक वाजलं म्हणजे लागला,” सुभाषशेठ म्हणाला. मला वाटलं, आता हिनं मला वजन घालून उतारावर न्यावं. तिनं सगळं तपासलं होतं, एवढंच राहिलं. की सगळं तपासल्यामुळंच हे राहिलं? मला कळत नाही.

राजुरीचं हे घर जरा उंचावर आहे. अंगण पुढं उतरतं गेलंय आणि उताराच्या शेवटी शेततळं आहे, काळ्या प्लॅस्टिकच्या कागदाचं. तीन बाजूंना जाळी आहे. घराकडची बाजू उघडी, कारण तिथून मोटारीचा पाइप जातो. जाळी ‘या हंगामानंतर’ करायची होती. अंगणात पहिलं पाऊल, म्हणजे चाक, टाकलं आणि मला ते पाणी दिसलं. माझा जीव धसकला.

स्वराज मला ढकलत अंगणभर पळाला, तशा ठकूबाई ओरडल्या, “अरे रिकामा पाळना हलवू नये!”

“गाडी आहे आई ती,” गोरख म्हणाला.

“पोर निजतं ना तिच्यात? मग पाळनाच.”

त्यांनी स्वयंपाकघरातला वरवंटा आणला, जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात गुंडाळला आणि माझ्या सपाट बैठकीत निजवला. बारशाच्या वेळी पाळण्यात बाळाआधी वरवंटा घालतात, तसा. तेव्हापासून बाळाच्या जागी तो दगड झोपू लागला.

घरात एकट्या रखमाजींना, म्हणजे स्वराजच्या आजोबांना, माझा संशय होता. गुडघ्यांनी अधू, पण डोकं शाबूत. ते म्हणाले, “आदी बटाट्यानं बघू.” स्वराजच्या वजनाएवढे बटाटे गोणीत भरून उजव्या बैठकीत ठेवले. डावीकडं वरवंटा होताच. मला उतारावर नेऊन घराकडं तोंड करून उभं केलं. मला आनंद झाला! आता मी घसरेन, बटाटे सांडतील आणि सगळ्यांना कळेल. नापास होण्यासाठी इतकं उत्सुक कुणी नसेल.

गोरखनं पट्टी दाबली. टक. त्याच वेळी ठकूबाई हंडा घेऊन मागून येत होत्या. या भागात ट्रॅक्टर असो की पिकअप, गाडी थांबली की चाकाला दगड लावतात. त्यात विचार नसतो, पायाला सवय असते. ठकूबाईंनी जाता जाता पायानं एक दगड माझ्या मागच्या चाकाखाली सारला आणि तशाच आत गेल्या. कुणी पाहिलं नाही. मला वाटतं, त्यांनी स्वतःही पाहिलं नाही.

मी दुपारभर उभी राहिले.

“पास!” गोरख म्हणाला. “आबा, तुमी लई शंका काढता राव.”

“असंल बाबा,” रखमाजी म्हणाले. ते बराच वेळ माझ्याकडं बघत बसले. मीही त्यांच्याकडं बघत होते. 

समृद्धीचा जन्म झाला, बारसं झालं. बाळबाळंतिणीनं सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून तोवर स्वराजला ठकूबाईच फिरवत. थांबल्या की त्यांचा पाय दगड शोधी. त्या पायावर माझा सगळा भरवसा होता. पण एका माणसाच्या सवयीवर दोन लेकरं किती दिवस ठेवायची?

सव्वा महिना संपला. बाळाला डोस द्यायला उपकेंद्रात न्यायचं होतं. सकाळचे दहा वाजले असतील. हर्षालीनं मला अंगणात आणलं, स्वराजला बसवून पाचही पट्टे लावले, ओढून पाहिले. ब्रेक दाबला. टक. बटाट्यांनी पास केलेल्या ब्रेकवर तिनं का विश्वास ठेवू नये? बाळाला आणायला ती आत गेली. ठकूबाई आत बाळाला तीट लावत होत्या. वरवंटा अजून माझ्या डाव्या बैठकीत होता.

स्वराजनं पाय झाडले. उजवा खिळा सुटला.

मी थांबायचा प्रयत्न केला, असं म्हणणं खोटं ठरेल. चाकाला इच्छा नसते. स्वराज खिदळत होता, “आबा, गाली! आबा, गाली!”

रखमाजी उताराच्या कडेला कांदे निवडत बसले होते. उठायला गुडघ्यांनी वेळ घेतला असता. ते उठलेच नाहीत. समोरचं कांद्यांनी भरलेलं कॅरेट त्यांनी दोन्ही पायांनी माझ्या वाटेत लोटलं. माझं पुढचं चाक त्यावर आदळलं, मी गिरकी घेऊन उजव्या कुशीवर कोसळले. पट्ट्यांनी स्वराजला धरून ठेवलं. तो रडायला लागला, आणि ते रडणं ऐकून मला बरं वाटलं.

पण वरवंट्याला पट्टा नव्हता. तो लुगड्याच्या तुकड्यातून सुटला, घरंगळत गेला, काळ्या कागदावरून घसरला आणि पाण्यात गेला. डुबुक.

हर्षाली उंबऱ्यात उभी होती, समृद्धीला छातीशी धरून. पुढचं मला आठवतं ते असं : ती बाळासकट धावली, एका हातानं स्वराजचे पट्टे सोडवले, आणि मग तिघं जमिनीवर बसून राहिली. ठकूबाई पाण्याकडं बघत होत्या. तिथं वर्तुळं मोठी होत चालली होती.

“तिची जागा व्हती ती,” त्या म्हणाल्या.

बाळ असतं तर त्याला पट्टा असता, हे मला माहीत आहे. मी स्वतःला ते पुष्कळदा सांगते. पण पट्टा बांधलेलं बाळही गाडीसकट पाण्यात जातं.

गोरख शेतातून पळत आला. त्यानं मला उभं केलं, पट्टी दाबली, टक, आणि ढकललं. मी निघाले. “मग त्या दिशी बटाटं कसं ऱ्हायलं?”

 मग ठकूबाई हळूच म्हणाल्या, “मी दगड लावला व्हता ना.”

“कधी?”

“येताना. पायानं. लावतोच की आपन…” आणि त्या मटकन खाली बसल्या. रखमाजी त्यांच्याशेजारी सरकले. “अगं, तुझ्या दगडानंच महिनाभर पोरगं ऱ्हायलं,” ते म्हणाले. ठकूबाईंनी पदर तोंडाला लावला.

गोरखनं दुकानात फोन लावला. सुभाषशेठ पलीकडून विचारत होता, “पन टक वाजतं ना, भाऊ?” मग म्हणाला, घेऊन या, बदलून देतो. गोरख मला पिकअपमध्ये चढवायला लागला, तशी हर्षाली आडवी आली.

“ही परत द्यायची न्हाई.”

“अगं, दुसरी फुकट मिळती.”

“आणि ही? पुसून पुन्हा मांडली तर? कुणाच्या अंगणात जाईल?”

गोरखनं मला परत खाली उतरवलं. शेवटी त्यानं पाना आणला आणि माझी चारही चाकं काढली. तेवढीच दुकानात परत नेली, खिळ्यांसकट, दाखवायला. मला दुखलं का? नाही. जन्मल्यापासून पहिल्यांदा मी त्या दिवशी स्वस्थ झाले.

आठवड्यानं दुसरी जोडगाडी आली. हर्षालीनं सुतळी लावली. उतारावर बटाटे चढवले; डाव्या बैठकीत, वरवंटा नव्हता म्हणून, दुपट्यात गुंडाळलेला भोपळा. गोरखनं ब्रेक दाबला. ठकूबाई मागं उभ्या होत्या. पायाशी दगड होता. त्यांचा पाय उचलला गेला, हवेत थांबला आणि परत जागेवर आला. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं धरले, जसे काही तेही दगड उचलतील. गाडी हलली नाही. रखमाजींनी काठीनं ढकलली, हलली नाही. तेव्हा कुठं हर्षालीनं बटाटे उतरवले. त्याच संध्याकाळी गोरखनं शेततळ्याची चौथी जाळी ठोकली.

वरवंटा अजून पाण्यात आहे. घरात आता मिक्सरच चालतो.

वाचकहो, तुम्ही दुकानात जाल, माझ्यासारख्या गाड्या बघाल. माझं सांगणं चुकीचं असेल तर सोडून द्या. मी कोण मोठी जाणकार! पण भरलेली गाडी उतारावर उभी करून बघा. आणि त्याआधी तिच्या मागच्या चाकापाशी वाकून बघा, घरातल्या कुणी मायेनं दगड तर लावला नाही ना.

मी इथं पडवीत आहे, जमिनीला टेकून. माझ्या बैठकीत कांद्याच्या बियांची पुडकी असतात. दुपारी स्वराज येतो, माझ्या पट्टीवर दोन्ही पायांनी उभा राहतो. टक.

आता तो आवाज खरा आहे.