प्रभुभोजनाचा प्याला

मित्रांनो, मी एक जुना प्याला आहे. बाहेरून साधे पितळ, आतून चांदीचा मुलामा. कृष्णपुऱ्याजवळच्या एका कारागिराने मला घडवले आणि इंदूरमधल्या एका छोट्या मराठी चर्चने मला विकत घेतले. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनासाठी, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून, माझ्यात द्राक्षरस ओतला जाई. बँकेतले साहेब, शिक्षिका, माळी, सगळे पुढे येऊन माझ्या एकाच काठाला ओठ लावत. "एक प्याला, एक कुटुंब," असे लोक म्हणत. मला ते खरे वाटे.

दर शनिवारी मंजुळाबाई मला चिंच लावून घासत. त्या इस्पितळात आया होत्या. घासता घासता वॉर्डातल्या एखाद्या आजाऱ्याचे नाव घेऊन प्रार्थना करत.

मग करोना आला. चर्चला कुलूप लागले, उपासना मोबाइलवर होऊ लागली आणि मी कपाटात गेलो. मंजुळाबाई मात्र रोज वॉर्डात जात होत्या. ज्यांच्याजवळ घरचेही येऊ शकत नव्हते, त्यांना त्या पाणी पाजत होत्या.

चर्च पुन्हा उघडले. त्या रविवारी मला टेबलावर ठेवले, पण रिकामे. द्राक्षरस प्लॅस्टिकच्या छोट्या पेल्यांत होता. साथीचे दिवस होते. मला त्याचे वाईट वाटले नाही. मंजुळाबाई आपल्या नेहमीच्या बाकावर येऊन बसल्या आणि शेजारच्या सुहासिनीताई लगेच उठल्या.

"मावशी, बुरा नका मानू. तुम्ही कोविड वॉर्डातून येता, आणि आमची पलक छोटी आहे ना."

"बरोबर आहे बेटा," मंजुळाबाई म्हणाल्या.

बघता बघता तो अख्खा बाक रिकामा झाला. पास्टर अश्विनजी तेव्हा शेजाऱ्यावरच्या प्रेमाचा उतारा वाचत होते. त्यांनी मान वर केली, तो बाक पाहिला आणि पुढची ओळ वाचली.

मंजुळाबाई शेवटच्या प्रार्थनेपर्यंत एकट्या बसून राहिल्या. त्यानंतर त्या आल्या नाहीत. कोणी विचारायलाही गेले नाही. मला कोणी घासेना. मी काळा पडलो.

मागच्या हिवाळ्यात अश्विनजींनी मला पिशवीत घालून जुनी इंदूर भागातल्या मंजुळाबाईंच्या खोलीवर नेले. त्यांची फुप्फुसे निकामी होत आली होती. डॉक्टरांनी आशा सोडली होती. अश्विनजींनी माझ्यात द्राक्षरस ओतला.

"पास्टरजी, आधी तुम्ही घ्या," मंजुळाबाई धापा टाकत म्हणाल्या. "मग मी घेते. म्हणजे तुम्हाला डर नको."

अश्विनजी त्यांच्या शेजारी बसले. "मंजुळाबाई, त्या दिवशी मी सगळं पाहिलं होतं. मला माफ करा."

"माफ तर तेव्हाच केलं," त्या म्हणाल्या. "पण वाट खूप पाहिली हो."

अश्विनजींनी मला मंजुळाबाईंच्या ओठांना लावले. त्यांनी कसाबसा एक घोट घेतला. उरलेला रस अश्विनजी काठ न पुसता प्यायले.

चार दिवसांनी मंजुळाबाई गेल्या. अंत्यविधीला चर्चमध्ये बसायला जागा नव्हती. सुहासिनीताई पलकला जवळ घेऊन रडत होत्या.

मित्रांनो, आता मी पुन्हा टेबलावर असतो. पाहुणे माझी जुनी घडण पाहून कौतुक करतात. माझी एवढीच विनंती आहे. ज्याच्या शेजारून तुम्ही कधी उठून गेलात, असे एखादे माणूस आठवत असेल, तर आजच त्याच्या घरी जा. ते अजून वाट पाहत असेल.