दुभाषीचा राजीनामा

मैत्रेयी सबनीस वयाच्या नवव्या वर्षी नोकरीला लागली. पगार नाही, रजा नाही, आणि राजीनामा द्यायची सोय तर मुळीच नाही. कामाचं नाव दुभाषी. मालक तिचेच आईबाबा.

झालं ते असं. पद्माकर सबनीस हा पुण्याचा इंजिनिअर बायकोमुलीला घेऊन जर्मनीतल्या गेर्लिंगेनला आला. ऑफिसात इंग्रजी चालायचं, त्यामुळे त्याचं फारसं अडलं नाही. मुलगी जर्मन शाळेत गेली आणि सहा महिन्यांत घडाघडा बोलायला लागली. मग काय, आयतीच सापडली. घरमालकाचं पत्र आलं की मैत्रेयी. हीटिंगवाल्याचा फोन आला की मैत्रेयी. पालकसभेत बाई तिच्याचबद्दल तक्रार करायच्या, तीही तिनेच आईबाबांना सांगायची. मुलगी काही दूधखुळी नव्हती, तक्रारीला कौतुक बनवून ती पुढे पोचवायची. एवढा एक फायदा सोडला तर बाकी सगळा भुर्दंड. अकराव्या वर्षी तिने डॉक्टरसमोर आईच्या बायकी दुखण्याचं भाषांतर केलं. त्यातल्या निम्म्या गोष्टी तिला त्या दिवसापर्यंत कोणत्याच भाषेत ठाऊक नव्हत्या. घरी येऊन ती जेवली नाही, आणि का जेवली नाही हे कोणी विचारलं नाही.

तिची आई साधना पुण्यातल्या एका मुलींच्या शाळेत खो-खो शिकवायची. शिट्टी गळ्यात असायची, पण ती वाजवायची गरज क्वचित पडायची, कारण बाईंचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आरामात पोचायचा. खो मिळाला की उठायचं, विचार करत बसायचं नाही, हे तिने शेकडो मुलींच्या पाठीवर थाप मारून शिकवलं होतं. ती बाई जर्मनीत आली आणि दुकानातसुद्धा मुलीच्या कानात कुजबुजायला लागली. चौदा वर्षं कुजबुजली. माणसाचा आवाज असा हळूहळू जातो आणि घरातल्या कोणाला पत्ताही लागत नाही, याचा राग यायला हवा. कोणाला आला नाही, कारण काम होत होतं.

मैत्रेयी कार्ल्सरूहेला इंजिनिअरिंग शिकायला गेली, तेव्हाही नोकरी सुटली नाही, फक्त फोनवर आली, आणि डॉक्टरकडे जायचं असलं की ती घरी यायची. सुटली ती तिसऱ्या वर्षानंतर, जेव्हा ती एका वर्षासाठी जपानला, सेंदाईच्या विद्यापीठात गेली. यंत्रमानवाच्या हातांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत तिला जागा मिळाली होती. आठ तासांचा फरक असल्यामुळे घरचे फोन अवेळी यायला लागले आणि मग बंदच झाले.

सेंदाईत पहिल्याच आठवड्यात तिला पत्ता नोंदवायला वॉर्ड ऑफिसात जायचं होतं. प्रयोगशाळेतल्या ओकादा-सान नावाच्या साठीच्या तंत्रज्ञ बाई सोबत आल्या. त्यांना इंग्रजी उत्तम यायचं. मैत्रेयीला वाटलं, चला, आयुष्यात एकदा तरी आपल्याला दुभाषी मिळाला. पण ओकादा-सान तिच्यामागे दोन पावलं उभ्या राहिल्या आणि मूग गिळून गप्प राहिल्या. खिडकीतला माणूस काहीतरी विचारत होता, मागे रांग वाढत होती, आणि घडाघडा बोलणारी मैत्रेयी मुक्यासारखी उभी होती. तिने चुकीचा फॉर्म भरला. दुसरा भरला, तोही चुकला. शेवटी काम झालं आणि ती बाहेर येऊन रडली, रागाने.

ओकादा-साननी नाणं टाकायच्या मशीनमधून गरम मक्याच्या सूपचा डबा काढून तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आज चाळीस मिनिटं. पुढच्या वेळी तीस."

पुढच्या वेळी पस्तीस लागली. मार्चपर्यंत ती दहा मिनिटांवर आली. त्या वर्षात मैत्रेयी यंत्रमानवांबद्दल पुष्कळ शिकली, रोज सकाळी प्रोफेसरांसकट सगळ्यांनी मिळून प्रयोगशाळा झाडायची हेही शिकली, पण खरं शिकली ते चारचौघांत मूर्ख दिसायला. चुकीचं बोलायचं, लोक हसले तर हसू द्यायचं, आणि पुन्हा बोलायचं. पहिल्यांदाच तिला वाटलं की आपण कोणाच्या तरी तोंडाचा तुकडा नसून आख्खी मुलगी आहोत.

घरी परतली तेव्हा फ्रिजवर आईच्या अक्षरातली एक चिठ्ठी होती, देवनागरीत: 'हाइत्सुंग कापुट. हॉयटे कोमेन बिट्टे.' हीटिंग बिघडलंय, आज या. मैत्रेयी नव्हती तेव्हा फोनवर वाचायला लिहिलेली. मैत्रेयीने ती वाचली, गालातल्या गालात हसली आणि विसरून गेली. दुसऱ्याच दिवशी औषधाच्या दुकानात आई तोंड उघडते न उघडते तोच हिने सगळं बोलून टाकलं. आई एक पाऊल मागे सरकली. सवय वाईट असते, दोन्ही बाजूंची.

एप्रिलमध्ये सेंदाईहून पत्र आलं. त्याच प्रयोगशाळेत मास्टर्स, दोन वर्षं, ऑक्टोबरपासून. होकार मेच्या दुसऱ्या शुक्रवारपर्यंत कळवायचा होता. त्याच सुमारास आईचा गुडघा फार बिघडला आणि हॉस्पिटलने ऑपरेशनचं बोलणं करायला बोलावलं. तारीख त्या शुक्रवारच्या आधीचा बुधवार.

रविवारी जेवताना पद्माकरने निकाल लावून टाकला. आधी आईचा गुडघा, मग काय ते जपान. ऑपरेशन, मग सहा आठवडे घरी, मग फिजिओथेरपी, विमा कंपनीची पत्रं, हे सगळं कोण बोलणार? इथे उत्तम युनिव्हर्सिटी उशाला असताना कोणी इतक्या लांब शिकायला जातं का? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं, याला शहाणपण म्हणत नाहीत. साधना भात वाढत होती.

"बाबा, चौदा वर्षांत तुम्ही का नाही शिकलात?" मैत्रेयीने विचारलं.

पद्माकर म्हणाला की त्याला समजतं सगळं, फक्त बोलताना चुकतं. आणि ते खरं होतं. चाळीस लोकांचा विभाग सांभाळणाऱ्या माणसाला डॉक्टरपुढे तिसरीतल्या पोरासारखं अडखळायची लाज वाटायची. हुशार माणसांचा हा एक खास रोग आहे, त्यावर गोळी नाही.

"मग चुका," मैत्रेयी म्हणाली. "मी बुधवारी येणार. आईशेजारी बसणार. पण एक शब्द बोलणार नाही."

पद्माकरचा हात ताटातच राहिला. आईच्या दुखण्यावर सूड उगवतेस का, असं त्याने विचारलं. मैत्रेयी भडकली की तिला जर्मनच सुचायचं, पण या वेळी तिने मुद्दाम, सावकाश, मराठीत सांगितलं की हा सूड नाही, राजीनामा आहे. ऐकणाऱ्याला हे निष्ठुर वाटेल. वाटू दे. तिला स्वतःलाही वाटत होतं, आणि रात्रभर ती त्यावर कुढत होती. पण ज्या घरात मुलीने बोलल्याशिवाय आईला औषध मिळत नाही, त्या घरातून मुलगी कधीच बाहेर पडू शकत नाही, हेही तिला कळलं होतं.

बुधवारी तिघं यू-बानने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, स्टुटगार्टला गेली. साधना खिडकीबाहेर बघत होती. पद्माकरने फोनवर भाषांतराचं ॲप उतरवून घेतलं होतं आणि दर स्टेशनला ते उघडून बघत होता.

डॉक्टरबाईंचं नाव लेम्के. त्यांनी तिघांशी हात मिळवला आणि सगळे करतात तेच केलं, खुर्ची वळवून त्या सरळ मैत्रेयीशी बोलायला लागल्या. तुमच्या आईला किती दिवसांपासून त्रास आहे?

मैत्रेयी भिंतीवरच्या गुडघ्याच्या चित्राकडे बघत राहिली. उत्तर जिभेवर तयार होतं, चौदा वर्षं तयारच असायचं, ते तिने दाताखाली धरून ठेवलं. पद्माकर खाकरला. त्याने फोन वर उचलला आणि खाली ठेवला. डॉक्टरबाईंनी विचारलं की यांना जर्मन कळतं ना?

"त्यांनाच विचारा," मैत्रेयी म्हणाली. तेवढ्यापुरता तिने शब्द मोडला.

मग साधनाने पर्स मांडीवरून काढून खाली ठेवली. पाठ ताठ केली. "लांगसाम, बिट्टे," ती म्हणाली. सावकाश. "आणि माझ्याकडे बघून बोला. गुडघा माझा आहे."

तिचं जर्मन मोडकं होतं. शब्द मागचे पुढे, पुढचे मागे. पण आवाज कुजबुजीचा नव्हता. ती एकेक शब्द मोजून टाकत होती आणि डॉक्टरबाई थांबत होत्या.

"चार वर्षं दुखतं. झोप नाही. आम्ही दुसरा मजला. लिफ्ट नाही. सकाळी नवरा जातो, मग मी जिना बसून उतरते. एक पायरी, एक पायरी. शेजारीण बघते, म्हणून सकाळी उशिरा जाते."

मैत्रेयीने मान वळवली. बसून. ही गोष्ट तिने कधी ऐकली नव्हती. दर वेळी डॉक्टरकडे आई तिच्या कानात एकच सांगायची, सांग त्यांना, थोडं दुखतं. आणि ही तेवढंच सांगायची, थोडं. आता तिला कळलं की आईने डॉक्टरपासून काही लपवलं नव्हतं. लपवलं होतं ते मुलीपासून. अकराव्या वर्षी न जेवता झोपलेली पोर आईने पाहिली होती, आणि तेव्हापासून पोरीच्या तोंडून जेवढं जाईल तेवढंच दुखणं ती बाहेर काढत आली होती. चार वर्षांच्या गोळ्या त्या 'थोडं'वर लिहिल्या गेल्या होत्या. आपण जे केलं ते उत्तम केलं असं तिला वाटत आलं होतं, आणि त्याचा तिला आता भयंकर संताप आला, स्वतःचा आणि सगळ्यांचाच.

डॉक्टरबाई म्हणाल्या की सप्टेंबरच्या शेवटी जागा आहे, त्याआधी नाही. पण सहा आठवडे घरी कोणीतरी पूर्णवेळ लागेल, पुढेही बरेच महिने मदत लागेल. कोण असेल?

"मी," मैत्रेयीच्या तोंडून निघालं. "मी राहते. जपान मी..."

"गप्प बस," साधना मराठीत म्हणाली. मोठ्याने म्हणाली, मैदानातल्यासारखी. "तूच म्हणालीस ना, एक शब्द बोलणार नाही. मग पाळ."

साधना पुन्हा डॉक्टरबाईंकडे वळली.

"मुलगी जपानला जाणार. शिकायला. दोन वर्षं." मग तिने अंगठ्याने शेजारी दाखवलं. "हा राहील. माझा नवरा. सहा आठवडे, घरी. मग पुढेही."

पद्माकरला कोणी विचारलं नव्हतं. पण त्याला समजतं सगळं, हे त्याचंच म्हणणं होतं. डॉक्टरबाई त्याच्याकडे बघत होत्या, बायको बघत होती. ॲप उघडायला वेळ नव्हता.

"या," तो म्हणाला, म्हणजे हो. "गेनाऊ." अगदी बरोबर. आणि थोड्या वेळाने, घाम पुसत, त्याने स्वतःहून एक आख्खं वाक्य बोलून दाखवलं, की तो सुट्टीचा अर्ज उद्याच देईल. त्यात दोन चुका होत्या. आभाळ कोसळलं नाही.

शेवटी संमतीचा फॉर्म आला. खाली तीन रेघा होत्या, रुग्णाची, डॉक्टरची आणि दुभाष्याची. अठरा वर्षांची झाल्यापासून या घरातल्या प्रत्येक फॉर्मवर त्या तिसऱ्या रेघेवर मैत्रेयीची सही असायची. डॉक्टरबाईंनी कागद तिच्याकडे सरकवला. साधनाने तो मधेच अडवून स्वतःकडे ओढला, तिसरी रेघ आडवी खोडली, इतकी दाबून की खालच्या कागदावरही वळ उठला, आणि पहिल्या रेघेवर आपलं पूर्ण नाव लिहिलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये एकच खुर्ची रिकामी होती. मैत्रेयी तिच्यावर मटकन बसली. हातात फोन होता, सेंदाईचं पत्र उघडं होतं, आणि होकाराच्या बटणावर तिचा अंगठा अडला होता. बसून उतरलेल्या पायऱ्या तिला दिसत होत्या. पद्माकर पुढे लिफ्टपाशी जाऊन उभा होता.

साधना लंगडत तिच्या मागे आली. तिने हात उचलला आणि मुलीच्या पाठीवर थाप मारली, चांगली सणसणीत.

"खो," ती म्हणाली.

मैत्रेयीने बटण दाबलं आणि उठली. तिच्या रिकाम्या झालेल्या खुर्चीत साधना बसली, दुखरा पाय लांब केला आणि नवऱ्याला कॉरिडॉरच्या त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारली.