पायरी गाळायची नाही

बाबांच्या वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांना बीजगणित शिकवायची वेळ माझ्यावर आली आणि मी रोज त्यांच्यावर खेकसत होते. कारखान्यात सुपरवायझर व्हायचं तर परीक्षा देणं भाग होतं. बावीस वर्षं ते ग्राइंडिंग खात्यात धूळ मोजायच्या मीटरचा आकडा वहीत उतरवत आले होते. आता त्यांना खुर्ची हवी होती, त्यात वावगं काही नव्हतं.

"हा क्ष काय घरचा जावई आहे?" ते कुरकुरायचे. "सगळ्यांनी त्याच्यासाठी बाजू बदलायची, वर चिन्हही बदलायचं." उत्तर बरेचदा बरोबर यायचं, पण मधल्या पायऱ्या ते खुशाल खाऊन टाकायचे. शाळेत मुलांना सांगते तेच मी त्यांना बजावायची: पायरी गाळायची नाही.

भिंतीपलीकडे काकू राहते. काका बाबांच्याच खात्यात होते. खोकून खोकून तीन महिन्यांपूर्वी गेले. काकूने भरपाईचा दावा केला, तर कारखान्याने तिच्या हातात कागद ठेवला: दहा दिवसांच्या नोंदी, धुळीची सरासरी अठ्ठावीस, मर्यादा पस्तीस, सबब मृत्यूशी आमचा संबंध नाही. तो कागद बाबांनीच तिला वाचून दाखवला होता. दाद मागायची मुदत सोमवारी संपत होती, पण काकूने हात टेकले होते.

रविवारी दुपारी मी उदाहरण घातलं. एका मुलाची पाच चाचण्यांची सरासरी बारा. दोन चाचण्यांना तो आलाच नव्हता, तिथे बाईंनी शून्य मांडलं. मग खरी सरासरी किती?

"नाही आला म्हणजे शून्यच की," बाबा म्हणाले.

"शून्य म्हणजे पेपर दिला आणि काही आलं नाही. गैरहजर म्हणजे आपल्याला ठाऊकच नाही. ती जागा रिकामी सोडायची, बाबा."

मग पायऱ्या सांगितल्या. पाच गुणिले बारा, साठ. चाचण्या दिल्या तीन. तीन क्ष बरोबर साठ, म्हणून क्ष बरोबर वीस. ते नुसते वहीकडे बघत राहिले. डोक्यावरून गेलं असणार, असं म्हणत मी चहा टाकायला उठले.

परत आले तर त्यांनी स्वतःच एक उदाहरण मांडून सोडवलं होतं. दहा गुणिले अठ्ठावीस, दोनशे ऐंशी. दहातून तीन गेले, सात. सात क्ष बरोबर दोनशे ऐंशी. क्ष बरोबर चाळीस. एकही पायरी गाळलेली नव्हती. मी खुशीत लाल पेनाने बरोबरची खूण केली, आणि मग काकूच्या कागदावरचा तो अठ्ठावीस माझ्या लक्षात आला.

"चुकलं असेल. परत बघ," ते म्हणाले.

तीन कशाचे, मी विचारलं. त्या दहांतले तीन दिवस मीटर दुरुस्तीला गेलं होतं. रकाना रिकामा दिसायला नको म्हणून त्यांनी शून्य लिहिलं. कोणी सांगितलं नव्हतं, बावीस वर्षांची सवयच होती.

मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्यांना जवळही घ्यावंसं वाटलं. मी दोन्हीतलं काहीच केलं नाही. हे बाहेर पडलं तर खुर्ची राहू दे, नोकरीही जाईल, एवढंच म्हटलं.

"चुकलंय का, तेवढं सांग."

"नाही, बाबा."

त्यांनी कोरा कागद घेतला आणि मोठ्या अक्षरांत सगळं पुन्हा उतरवलं. सगळ्यात वर दोन पायऱ्या जास्तीच्या लिहिल्या: मीटर बंद होतं. शून्य मी लिहिलं. खाली सही केली, आणि चहा तसाच टाकून ते पलीकडे गेले.

दार वाजलं. भिंतीतून काकूचा आवाज आला, "या भाऊजी. झाला का अभ्यास?"