वारं आणि वार

आदिनाथबाबाचा दरबार भरला की आमच्या शाळेला न सांगता सुट्टी. वर्गात दोनच पोरं उरली म्हणून मीही मंडपात गेलो. पाथर्डीकडचं ऊसतोड्यांचं सगळं गाव तिथं दाटलं होतं. मधोमध गोवऱ्यांची धुनी, आणि तिच्यासमोर आठव्या महिन्याची रेश्मा, मान खाली घालून शांत बसलेली. गेल्या हंगामात उसाच्या फडावर तिचं मूल जन्मताच गेलं होतं, आणि त्याचंच भूत तिला लागलंय असं बाबा सांगायचा.

"भूत भित्रं हाय, आता बोलतं करतो!" बाबा गरजला आणि झोळीतून मूठभर काहीतरी काढून त्यानं धुनीत टाकलं.

धूर उठला. रेश्मा किंचाळली, पोट दोन्ही हातांनी झाकून मागं सरकू लागली. "मुकादम, पाया पडते, गाडी द्या!"

लोकांनी हात जोडले. तिची सासू छबूबाई म्हणाली, "बघा मास्तर, मेलेलं पोर बोलतंय."

"जन्माला येताच गेलेलं पोर मुकादमाला कसं ओळखतं?"

"तुमी गप बसा. दवाखान्यात न्हेली तर भूत ह्याबी पोराला खाईल, बाबा म्हनलेत."

मी बाहेर जाऊन आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर सुचित्राबाईंना फोन लावला. परत आलो तेव्हा चार बायकांनी रेश्माचे हातपाय धरले होते. गर्दी रेटून मी पुढं पोचेपर्यंत बाबानं तिच्या पोटावर 'प्रसादाची' लाथ घातली होती. तिच्या लुगड्यावर रक्त पसरलं.

"सुटलं! भुताचं वारं सुटलं!" बाबा नाचला. मंडपात जयजयकार झाला. रक्त बघून टाळ्या वाजवणारी माणसं मी त्या दिवशी पाहिली.

तेवढ्यात गाडी आली. डॉक्टरबाईंनी रेश्माच्या पोटावर हात ठेवला. पोट दगडासारखं घट्ट होतं.

"वारं कसलं सुटतंय? हिची वार सुटलीय! जिच्यातून बाळाला रक्त मिळतं ती वार लाथेनं आतल्या आत सुटली. उचला हिला!"

नवरा ओंकार तिच्यासोबत गाडीत चढला. गाडी गेली, आणि मी बाबाची झोळी हिसकावून उलटी केली. आत वाळकं पाचट निघालं, उसाचा पाला.

"आमच्या गावात उसाचं टिपरू नाही. हे कशाला बाळगलंत?"

"हिमालयातली वनस्पती हाय ती."

जन्मभर ऊस तोडलेल्या माणसांपुढं तो हे म्हणाला! त्यांची नाकं त्या धुराला इतकी सरावली होती, की धुनीत काय जळतंय हा प्रश्न कुणाच्या मनातही आला नव्हता.

"छबूबाई, गेल्या साली फडावर काय झालं ते बाबाला कुणी सांगितलं?"

"म्याच," ती पुटपुटली. "कळा सुरू झाल्या तवा शेजारच्या रानात पाचट पेटवल्यालं. धूर आमच्या कोपीत, झोपडीत शिरला. ऊस भरून झाल्याबिगर मुकादमानं गाडी सोडली न्हाई. पोर तितंच गेलं."

बाबाची सिद्धी एवढीच. तोच धूर नाकात गेला, की रेश्मा पुन्हा त्याच कोपीत पोचायची आणि तेव्हाचंच बोलायची. लोकांना त्यात भूत दिसायचं.

संध्याकाळी फोन आला. रेश्मा वाचली, बाळ गेलं. बाबाला पोलिसांनी नेलं.

बायांनो, बाप्यांनो, मन एकदा पोळलं की शरीर ते विसरत नाही, आणि पोटात दुसरं मूल असताना ती भीती दुप्पट होऊन उठते. अशा बाईला काय आठवतंय ते जवळ बसून विचारा, डॉक्टरला सांगा, तिला दवाखान्यात न्या. एवढं तरी डोकं चालवा. लाथ बाबानं घातली, पण तिचे हातपाय आपल्या गावानं धरले होते.