चार मऊ ठोके

मी एक जुना डस्टर आहे, मित्रांनो. पाठ लाकडी, पोटाला जाड लोकरी कापड. सुताराने मला फळा पुसायला घडवले, पण आमच्या बाईंनी मला चक्क इंग्रजी शिकवायला लावले.

लांबलचक इंग्रजी शब्द दिसला की वर्गाचे धाबे दणाणत असे. मग बाई त्याचे तुकडे पाडत आणि दर तुकड्याला मला टेबलावर आपटत. हलक्या तुकड्याला माझे मऊ पोट, जोराच्या तुकड्याला लाकडी पाठ. फोटोग्राफर, म्हणजे फ-टॉ-ग्र-फर, जोर 'टॉ'वर: पोट, पाठ, पोट, पोट. माझी ऐट काय विचारता!

बाईंच्या लेकीला नेमका हाच शब्द जमत नसे. ती पहिल्याच तुकड्यावर जोर देई. म्हणून बाईंनी चिडवून तिचे नावच 'फोटोग्राफर' पाडले. संध्याकाळी मी बाईंच्या पिशवीतून घरी जाई. जेवण तयार झाले की त्या तिला तोंडाने हाक मारत नसत, माझे ते चार ठोके वाजवत. लेक धावत येई.

वर्षे गेली. लेक नोकरीला लागली, बाई निवृत्त झाल्या, मी खिडकीत धूळ खात पडलो. मग बाईंना पक्षाघात झाला. वाचा गेली, उजवा हातही गेला. एका दुपारी त्यांनी डाव्या हाताने मला उचलले आणि पलंगाच्या कडेवर आपटले. दुसऱ्या ठोक्याला मला उलटायचे होते, पण बोटे वळेनात. चारही ठोके सारखेच मऊ पडले. जोर हरवला की शब्द ओळखू येत नाही, हे बाईंनीच तर शिकवले होते.

लेक दमलेली असे. पाणी हवंय का, उशी सरकवू का, असे ती विचारी. बाई नकारार्थी मान हलवत आणि पुन्हा ठोकत. रोज हेच. शेवटी तिने मला हळूच काढून घेतले.

"पुरे आता, आई. हात दुखेल तुझा."

तिने मला कपाटावर ठेवले. बाई कपाटाकडे बघत राहिल्या. मला फार रडू आले, पण लाकडाचे रडणे कुणाला दिसणार?

बाई गेल्या. खोली आवरताना लेकीने मला खाली काढले आणि आईसारखेच चार मऊ ठोके मारले. पुन्हा मारले. या वेळी दुसऱ्या ठोक्याला तिचा हात जुन्या सवयीने आपोआप वळला. पोट, पाठ, पोट, पोट.

तिने आईच्या रिकाम्या पलंगाकडे पाहिले.

"हाक मारत होतीस गं मला," ती म्हणाली. "आणि मी पाणी विचारत बसले."

मित्रांनो, माझे कापड विरले आहे, मला टाकून दिलेत तरी चालेल. पण घरात वाचा गेलेले कुणी काही वाजवत असेल, तर त्याच्या हातातली वस्तू काढून घेऊ नका. जवळ बसा. त्याला जोर देता येत नसेल, तर तेवढा तुम्ही द्या.