तंबूची घडी

“पेटीत आहे तोवर ती कनात सरकारची आहे, बाई,” साहेब म्हणाले. “उघडताना फाटली, तर ती तुमची. मग चौकशी, जबाब, खुलासे, सगळं तुमच्या गळ्यात.”

“आणि पेटीतच कुजली तर?”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. कुजली तर कुणाचाच दोष नाही, हे दोघांनाही ठाऊक होते.

बाई सरकारी वस्तुसंग्रहालयाच्या भांडारपाल होत्या. वरच्या दालनांत मांडलेल्या वस्तू लोक येऊन बघत. त्याच्या कैक पट वस्तू तळघरात बाईंच्या ताब्यात होत्या. डांबरगोळ्यांचा वास त्यांच्या अंगाला असा चिकटला होता की कचेरीत मागून त्यांना ‘डांबरगोळी’ म्हणत. बाईंच्या कानावर ते केव्हाच आले होते. डांबरगोळी आहे म्हणून कसर नाही, असे त्या हसून म्हणत आणि जिना उतरून आपल्या राज्यात जात.

त्या राज्यात एक लोखंडी पेटी होती. कुणा एका राजाच्या मोहिमेवरच्या तंबूची लांबलचक रेशमी भिंत, म्हणजे कनात, तिच्यात घडी घालून ठेवलेली. राज्य गेले, राजवाडा सरकारजमा झाला, आणि बाई नोकरीला लागल्या त्याच्या कितीतरी आधीपासून कनात पेटीत पडून राहिली. दरवर्षी तपासणीला झाकण उचलायचे, वरची घडी बघायची, “आहे” म्हणायचे आणि झाकण लावायचे. आत काय चित्र आहे, हे कचेरीतल्या एकाही माणसाने पाहिलेले नव्हते.

बाईंच्या डोक्यात किडा सोडला तो सासूबाईंनी. त्यांनी एकदा जपून ठेवलेली आपली रेशमी शाल काढली आणि ती हातातल्या हातात घडीवर उलली. म्हातारी रडली नाही. नुसती म्हणाली, “वापरून एवढं फाटत नाही गं कापड. घडीवर मरतं.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी पेटी उघडली आणि पहिल्यांदाच वरच्या घडीखाली हात घातला. बोटांना लाल भुकटी लागली. मग त्यांनी साहेबांच्या मागे लागून जुन्या कापडाच्या जाणकार बाईंना परगावाहून बोलावले. जाणकार बाईंनी निदान केले: रेशमात अजून जीव आहे, पण फार दिवस नाही. सगळी कनात पसरायची, घड्यांना हळूहळू दमट करून सैल करायचे आणि जाड नळावर गुंडाळून ठेवायची. तेही लवकर.

साहेब काही वाईट नव्हते. पण एका फुटलेल्या रांजणापायी आधीच्या साहेबांचे उतारवय चौकशीत गेले होते. तोंड पोळले त्यांचे, ताक फुंकून पीत होते हे.

“माझं नाव घाला, साहेब,” बाई म्हणाल्या. “फाटली तर भांडारपालानं फाडली, असं लिहा. पण ती माझ्या हातात फाटू दे. पेटीत नको.”

साहेबांनी एवढेच विचारले, इतकी लांब स्वच्छ जमीन आणणार कुठून?

जमीन रस्त्यापलीकडच्या शाळेत होती. सुट्टी लागली होती आणि बॅडमिंटनचा हॉल मोकळा होता. नळाचे काम नवऱ्याने अंगावर घेतले. पंप दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. त्याने अ‍ॅल्युमिनियमचे जाड नळ जोडले आणि सांध्यावर गाल फिरवून पाहिला, कुठे टोचतो का म्हणून. वर गुंडाळायच्या सुती कापडाला खळ नको होती. सासूबाईंनी ते साध्या पाण्यात उकळून धुतले, वाळवले, पुन्हा धुतले. घरभर पांढरे तागे टांगलेले, आणि जेवायचे तर त्यांच्याखालून वाकून जावे लागे. राजाचा तंबू राहू दे, आपल्याच घरात छावणी पडलीय, असे नवरा म्हणाला.

ठरल्या दिवशी सकाळी कनात हॉलमध्ये आली. चपला-बूट दाराबाहेर. पहिल्या काही घड्या सुटल्या तशी कापडाची लाल जमीन दिसू लागली, तिच्यावर हिरवी पाने. मग कापड अडले. कधीकाळी पाणी झिरपून दोन पदर एकमेकांना डसले होते. साहेब कुजबुजले, इथवर झाले तेवढे पुष्कळ, आता आवरा. बाईंनी जाणकार बाईंकडे पाहिले. त्यांनी डोळ्यांनीच विचारले, करायचे? बाईंनी मान हलवली.

ओला टिपकागद ठेवला, वर काच ठेवली, आणि सगळे वाट बघत बसले. मग बाईंनी पातळ हाडाची पट्टी पदरांत सरकवली. सूतभर. आणखी सूतभर. करकर असा बारीक आवाज आला आणि त्यांचा हात जागीच थिजला. घाम कापडावर पडू नये म्हणून त्यांनी मान मागे घेतली.

तेवढ्यात शेजारी कुणीतरी गुडघ्यांवर बसले. साहेब होते.

“तुम्ही सोडवा,” ते म्हणाले. “वरचा पदर मी धरतो. फाटली तर दोघांची.”

पदर सुटला. फाटला नाही. पुढच्या घड्या जणू त्याचीच वाट बघत होत्या. एकामागून एक उलगडत गेल्या, आणि दुपारी हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बाग उभी राहिली. कमानीच कमानी, प्रत्येक कमानीत फुललेले झाड, आणि दर झाडाखाली एकमेकांकडे मान वळवलेले दोन मोर. काठ झिजले होते, भोके होती, पण घडीत उन्हाचे तोंड न पाहिलेला लाल रंग असा पेटला होता की सगळ्यांच्या चेहऱ्यांवर त्याची आभा पडली. नवरा, ज्याला आयुष्यात पंपाखेरीज कशाचे कौतुक नव्हते, दारातूनच हळू म्हणाला, “इतकी वर्षं हे जपत होतीस होय.”

बाई काठाकाठाने पूर्ण फेरी मारून आल्या.

दमटपणा देऊन, वजने ठेवून घड्या बसवण्यात सुट्टीचे उरलेले दिवस गेले. शेवटी कनात नळावर चढली, सासूबाईंच्या पांढऱ्या कापडात लपेटली गेली. आता ती रस्ता ओलांडून संग्रहालयात, आपल्या घरी, न्यायची होती. नळाला खांदे लागले: पुढे साहेब, मागे नवरा, मध्ये कचेरीतली मंडळी. बाई सर्वांच्या पुढे निघाल्या आणि रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभ्या राहिल्या.

बस थांबली. मोटारी थांबल्या. लांबट, पांढऱ्यात गुंडाळलेले ते ओझे खांद्यांवरून जाताना पाहून फुटपाथवरच्या एकाने टोपी काढली. बसचालकाने खिडकीतून डोके बाहेर काढून दबत्या आवाजात विचारले,

“कोण गेलं, बाई?”

“गेलं नाही कुणी,” बाई म्हणाल्या. “परत आलंय.”

चालकाला काही उमगले नाही. तरी त्याने इंजिन बंद केले, आणि शेवटचा खांदा फाटकाआड जाईपर्यंत रस्त्यावर कुणीही हॉर्न वाजवला नाही.