बाहीचा कागद

"आठ दिवस! आठ दिवस गोळी घेतली नाहीस, आणि वर तोंड करून मलाच विचारतोस काय झालं म्हणून?" ताईने गोळ्यांची बाटली टेबलावर आपटली.

"हळू बोल," मास्तर दात चावत म्हणाला. "कारागीर जेवून येतील आता."

मास्तर म्हणजे तिचा धाकटा भाऊ. शर्ट शिवायच्या या कारखान्यात तो कापड कापायचा, ती काजं-बटणं करायची. तीन वर्षांपूर्वी त्याला एचआयव्ही निघाला, हे इथं तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. खिशात बाटली वाजली की कारागीर विचारायचे, "मास्तर, गोट्या खेळता का?" त्याचा जीव नुसता मेटाकुटीला यायचा.

"रिपोर्ट बघ की," तो फणकारला. "रक्तात विषाणू सापडत नाही. धुऊन निघालं सगळं. मग रोज कशाला गिळू?"

"डॉक्टरीणबाई समजावत होत्या तेव्हा तू मोबाइलमध्ये डोकं घातलं होतंस. आता ऐक."

तिने शेजारचं जाकीट ओढलं. आत हुक-कडी, वर टिचबटण. "ही समज तुझी पांढरी पेशी, रोगाशी लढणारी. विषाणू आधी तिच्या अंगावरच्या कडीत हुक अडकवतो. तेवढ्याने आत जाता येत नाही. पण अडकला की त्याचा आकार बदलतो आणि शेजारचं बटण हाती लागतं. ते लागलं की त्याचं आवरण आणि पेशीचं आवरण एकजीव होतं. पोटातला माल थेट आत."

"गेला तो गेला. मेला ना आता?"

"मरतोय कसला! पेशीचा मूळ आराखडा असतो ना, त्यातच स्वतःचा तुकडा शिवून ठेवतो."

 मास्तरची नजर भिंतीकडे गेली. तिथं खिळ्यांना पॅटर्नचे, म्हणजे ज्यावरून कापड कापायचं त्या कागदी साच्यांचे, गठ्ठे टांगलेले.

गेल्या वर्षी गप्पांच्या नादात त्याने मोठ्या शर्टाच्या गठ्ठ्यात एक माप लहान बाहीचा कागद बांधला होता. साठ बाह्या आखूड निघाल्या. सगळ्या फेकल्या, टेबल झाडलं, कोपरान्‌कोपरा बघितला. आखूड बाही औषधाला उरली नाही म्हणून गडी निवांत. पुढच्या ऑर्डरला तोच गठ्ठा काढला, पुन्हा साठ आखूड. कारागिरांचा काय दोष? गठ्ठ्यातल्या कागदावरून जे कापून येईल, ते इमानाने शिवतात. दोन महिने त्याला सगळे 'आखूडमास्तर' म्हणत होते.

"म्हणजे बाह्या सापडत नाहीत," तो हळूच म्हणाला. "कागद आहेच."

"काही पेशींत. झोपून आहे. जागा झाला की त्यावरून पुन्हा नवे विषाणू निघतात."

"मग काढा ना तो!"

"ते गोळ्यांना जमत नाही, बाबा. नवा निघालेला विषाणू पुढच्या पेशीच्या गठ्ठ्यात शिरू नये, एवढंच त्या बघतात. रोज घेतल्या तर. तू आठ दिवस दार सताड उघडं टाकलंस."

मास्तरने टेबलावरची बाटली उचलली. उघडायला गेला, तशी तिने मनगट धरलं.

"आधी बाईंना सांग. रक्त पुन्हा तपासतील."

"झापतील."

"झापू देत. मी काय गोंजारतेय का?"

जिन्यात चपला वाजल्या. "मास्तर, कापड लावायचं का?" कुणीतरी खालूनच ओरडलं.

त्याने टेबलावरची कात्री बाजूला सारली, बाटली खिशात टाकली. खळ्ळकन वाजली. वाजू दे.

"तुम्ही लावा. मला निघायला हवं, दवाखाना दोनला बंद होतो."